सांगणारा जामीन असतो काय?

छपरावरच्या सौरविजेची सरकारी योजना आली तेव्हापासून आपल्या धर्मग्रामात तिच्याविषयी बरेच बोलणे होते. रविवारी मिस्सा आटोपल्यावर आवारात चार माणसे उभी राहिली की वीजबिलाचा विषय निघतो आणि तिथून बोलणे सौरपॅनेलवर येते. सुरुवातीला लोक विचारीत, “हे काय आहे?” आता तसे फारसे कोणी विचारीत नाही. आता विचारतात, “घ्यावं काय? तुम्ही म्हणाल तर घेतो.”

हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा पुष्कळ जड आहे. पहिल्याला माहितीने उत्तर देता येते. दुसरा प्रश्न विचारणारा माणूस आपल्या घरातले पैसे, कदाचित डोक्यावर घ्यायचे कर्जसुद्धा, दुसऱ्याच्या शब्दाच्या भरवशावर ठेवायला निघालेला असतो. उद्या पैसे अडकले, अनुदान आले नाही, पॅनेल बसवणारा फोन उचलेनासा झाला, तर ज्याने “घ्या” म्हटले त्याचे काय? त्याला जामीन धरावे काय? शिक्षक, परिचारिका, बचत गटाच्या अध्यक्षा, अंगणवाडी सेविका, सिस्टर, फादर, ज्यांच्या शब्दाला चार लोक मान देतात अशा सगळ्यांनाच हा प्रश्न कधी ना कधी पडतो. आज त्यावर थोडा विचार करू.

आधी योजना थोडक्यात सांगतो. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी ‘प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना’ जाहीर झाली आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. एक कोटी घरांवर सौरसंच, त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपये, आणि मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत, असा तिचा आराखडा मंजूर झाला. एक किलोवॉटच्या संचाला ३०,००० रुपये, दोन किलोवॉटला ६०,००० रुपये आणि तीन किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये अनुदान ठरले. एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि त्यातून महिन्याला सरासरी १०० ते १२० युनिट वीज मिळते. घरात वापरून उरलेली वीज तारेवरून बाहेर जाते, नेट मीटर त्याची नोंद ठेवतो आणि बिलात हिशेब होतो. अर्ज सरकारी संकेतस्थळावर करायचा, काम नोंदणीकृत पुरवठादाराकडूनच करून घ्यायचे, आणि संच बसून त्याची तपासणी झाल्यावर अनुदान थेट आपल्या बँक खात्यात जमा होते.

योजनेची बातमी लोकांपर्यंत पोहोचली नाही असे म्हणता येणार नाही. २०२४ साली टपाल खात्याच्या पोस्टमनवरही घरोघरच्या नोंदणीचे काम सोपवले गेले. ही कल्पना आम्हांला आवडली. आपल्या जिल्ह्यात, रिसोडपासून मानोऱ्यापर्यंतच्या खेड्यांत, पोस्टमन कोणाच्या घरी कोण आहे हे नावानिशी जाणतो. त्याने मनिऑर्डर आणली, पेन्शनचे कागद आणले, मुलाच्या नोकरीचे पत्र आणले. तो सांगतो ते लोक ऐकून घेतात. तरीही पोस्टमन नोंदणी करून गेला आणि पुढे काही झाले नाही अशी घरे थोडी नाहीत. नोंदणी आणि निर्णय ह्यांच्या मधे एक मोठी जागा रिकामी राहते, आणि त्या जागेत माणूस एकटा असतो. योजनेच्या एकूण खर्चाकडे पाहिले तरी हेच दिसते. प्रशिक्षण आणि जनजागृती ह्यांसाठी त्यातले शंभरात दोन रुपयेसुद्धा ठेवलेले नाहीत. बाकी बहुतेक पैसा अनुदानाला आणि प्रोत्साहनांना. पॅनेलचे पैसे कागदावर मांडता येतात; पॅनेल समजावून सांगणाऱ्याच्या संध्याकाळी कशा मांडणार?

पूर्वी गावात दवंडी पिटली जाई. कोतवाल चौकात उभा राहून सांगे की अमुक दिवशी तलाठी येणार, तमुक दिवशी गुरांना लस टोचणार. दवंडी दिली की त्याचे काम संपले. कोणी ऐकले नाही, कोणी चुकीचे ऐकले, कोणी लस टोचायला गुरे आणली नाहीत, ह्याचा जाब कोतवालाला कोणी विचारीत नसे. सरकारी जाहिरात ही आजची दवंडी आहे आणि ती तशीच असणार. सल्ला मात्र वेगळा. सल्ला एका माणसाला दिला जातो, त्याचे घर पाहून, त्याचे उत्पन्न जाणून. सोयरीक जुळवणाऱ्याला आपण मध्यस्थ म्हणतो, दवंडीवाला म्हणत नाही. लग्नानंतर सुनेला त्रास झाला तर दोन्ही घरचे लोक आधी मध्यस्थाच्या दारात येतात. त्याने कुठल्या कागदावर सही केलेली नसते. तरी तो बांधला गेलेला असतो, आणि त्यालाही ते मान्य असते.

म्हणूनच पुष्कळ शहाणी माणसे सल्ला देण्याचेच टाळतात. “आपण कशाला मधे पडा” हे आपल्याकडचे शहाणपण. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहून पोळलेले लोक प्रत्येक गावात आहेत आणि त्यांच्या मुलांनी बापाकडून शिकलेला पहिला धडा तोच असतो. पवित्र शास्त्रातही नीतिसूत्रांच्या पुस्तकात शेजाऱ्याला जामीन राहणाऱ्याला एकदा नव्हे, अनेकदा सावध केले आहे. अडकला असशील तर झोपही न घेता स्वतःला सोडवून घे, इतक्या निकराने तिथे सांगितले आहे. तो सल्ला भित्र्या माणसाचा म्हणून बाजूला सारता येणार नाही. ज्याच्याजवळ देण्यासारखे काही नाही त्याने दुसऱ्याच्या कर्जाची हमी घेतली तर दोन घरे बुडतात.

पण गप्प राहण्याची किंमत कोण मोजतो, हेही पाहिले पाहिजे. ज्याचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे, ज्याच्या पुतण्याला संगणकावर अर्ज भरता येतो, त्याला आमच्या सल्ल्याची गरज नसते. त्याच्या छपरावर पॅनेल लागतेच. गप्प राहिल्याने अडते ते निराळ्याच माणसाचे. आणि त्याच्याजवळही कोणीतरी बोलायला जातेच. चांगली माणसे गप्प बसली म्हणून ती जागा रिकामी राहत नाही. शेतीच्या सौरपंपांची पीएम कुसुम योजना २०१९ साली आली. तिच्या नावाने खोटी संकेतस्थळे निघाली, शेतकऱ्यांकडून नोंदणीचे पैसे उकळले गेले, आणि केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला वारंवार सावधगिरीच्या सूचना काढाव्या लागल्या. अशा संकेतस्थळावर पैसे भरणारा माणूस मूर्ख नसतो. योजना खरी आहे हे त्याने बरोबर ऐकलेले असते. फक्त शेजारी बसून “हा पत्ता सरकारचा दिसत नाही, थांब जरा” म्हणणारे कोणी नसते.

तेव्हा एकीकडे नीतिसूत्रांचा इशारा आणि दुसरीकडे गप्प राहण्याचा दोष. ह्या दोहोंमध्ये वाट कशी काढायची?

आम्हांला इथे दयाळू शोमरोन्याचा दाखला आठवतो. त्यातला जखमी माणसाला उचलून नेण्याचा भाग सर्वांच्या लक्षात असतो. शेवटचा व्यवहाराचा भाग आपण भरभर वाचून पुढे जातो. तो शोमरोनी सराईवाल्याला दोन नाणी देतो, ह्याची काळजी घे म्हणतो, आणि ह्याहून जास्त खर्च झाला तर परत येताना मी भरीन असे सांगतो. म्हणजे तो जामीन राहतो! पण कशाला जामीन राहतो ते पाहा. हा माणूस बरा होईलच अशी हमी तो देत नाही. ती त्याच्या हातात नाही. खर्चाचे तो आधीच स्पष्ट बोलतो, आणि आपण परत येऊ असा शब्द देतो. एवढ्या दोनच गोष्टींचा तो जामीन आहे.

सांगणाऱ्याची जबाबदारीही आम्हांला तेवढीच वाटते, त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही. पॅनेल पंचवीस वर्षे चालेल काय, सरकार उद्या नियम बदलेल काय, ह्याची हमी कोणी देऊ शकत नाही. पण जे सांगितले ते पूर्ण सांगितले, खर्चाचा भाग लपवला नाही, ह्याचा जामीन सांगणाऱ्यानेच राहायचे. आणि सांगून झाल्यावर तोंड चुकवायचे नाही.

पूर्ण सांगणे हे दिसते त्याहून अवघड आहे. योजनेच्या नावातच ‘मोफत’ शब्द आहे. संच मोफत नसतो. अनुदान ठरवताना सरकारने धरलेली किंमत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ५०,००० रुपये आणि तिसऱ्याला ४५,००० रुपये, म्हणजे तीन किलोवॉटला १,४५,००० रुपये होती. त्यातून ७८,००० रुपये वजा केले तरी ६७,००० रुपये घरचेच जातात, आणि बाजारात दर जास्त असला तर वरचा फरकही आपल्याच खिशातून. अनुदान मागाहून येते, म्हणून पुरवठादाराला आधी द्यायची रक्कम उभी करावी लागते. त्यासाठी तारण न ठेवता कर्ज मिळते. योजना मंजूर झाली तेव्हा त्याचे व्याज सात टक्क्यांच्या आसपास सांगितले होते. कर्ज वाईट नाही, पण ते कर्ज आहे, हे ‘मोफत’ शब्दाच्या शेजारी बसून सांगावे लागते. मोफत असते ती पॅनेलने तयार केलेली वीज, आणि तीही बिलाचा कागद कोरा करीत नाही. स्थिर आकार दर महिन्याला येतच राहतो. शून्य बिलाची आशा धरलेल्या माणसाच्या हाती पहिले बिल पडते तेव्हा तो म्हणतो, आपल्याला फसवले. वास्तविक त्याला कोणी फसवलेले नसते. एक ओळ सांगायची राहिलेली असते, एवढेच.

त्याहून मोठी राहून जाणारी गोष्ट भारनियमनाची. आपल्या भागात वीज जाणे काही नवे नाही. वळवाचा पाऊस आला की तार तुटते, डीपी जळते आणि रात्र अंधारात जाते. त्यामुळे छपरावर पॅनेल म्हणजे वीज गेली तरी आपल्या घरी उजेड, असे बहुतेकांनी गृहीत धरलेले असते. योजनेत बसणारा साधा संच तसा नसतो. बाहेरची वीज गेली की हा संचही आपोआप बंद पडतो, भर दुपारी लख्ख ऊन असले तरी. कारण असे की आपल्या छपरावरची वीज बाहेरच्या तारेत शिरली तर खांबावर दुरुस्ती करणाऱ्या लाईनमनला धक्का बसू शकतो. लाईनमनचा जीव वाचवण्यासाठी केलेली ही व्यवस्था आहे आणि ती योग्यच आहे. ज्याला अंधारातही दिवे हवेत त्याने बॅटरीचा वेगळा खर्च धरावा. हे आधी सांगितले तर काही माणसे मागे फिरतील. फिरू द्यावीत! पूर्ण ऐकून मागे फिरलेला माणूस उद्या आपल्याशी बोलेल तरी.

आणखी काही बारीकसारीक गोष्टी आहेत. वीजजोडणी अजून वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असते, बँक खाते मुलाच्या नावावर, आणि आधार कार्डावर नावाचे स्पेलिंग तिसरेच. हे आधी जुळवले नाही तर अर्ज अडतो. पॅनेलवर धूळ साचते, विशेषतः सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत, आणि ती पुसावी लागते. पावसाळ्यात वीज कमी तयार होते. पाच वर्षे देखभाल करण्याची जबाबदारी पुरवठादारावर आहे, हे पुष्कळ ग्राहकांना ठाऊकच नसते. वानरांचे काय, असेही एकाने विचारले. त्याचे उत्तर कुठल्याही माहितीपत्रकात आम्हांला सापडले नाही. पण विदर्भातल्या माणसाने तो प्रश्न विचारावा ह्यात हसण्यासारखे काहीच नाही.

गरीब घरांविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण इथे हिशेब उलटा होतो. ज्याचा वापर जास्त, त्याचे वरच्या दराचे युनिट वाचतात आणि संचाचे पैसे लवकर फिटतात. ज्याच्या घरी दोन दिवे, एक पंखा आणि एक टीव्ही, त्याचे बिलच लहान. त्याला वाचणारी रक्कमही लहान. म्हणजे केवळ अनुदान सर्वांना सारखे ठेवले तर त्याचा गोडवा मोठ्या घरांना जास्त लागतो. राज्य सरकारने २०२५ साली ह्यावर उपाय म्हणून ‘स्मार्ट’ नावाची पूरक योजना आणली. दारिद्र्यरेषेखालील आणि महिन्याला १०० युनिटांच्या आत वापर असलेल्या पाच लाख ग्राहकांसाठी ती आहे. एका किलोवॉटच्या संचावर केंद्राच्या ३०,००० रुपयांखेरीज राज्याकडून दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला १७,५०० रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या ग्राहकाला १५,००० रुपये आणि इतरांना १०,००० रुपये. संचाची किंमत ५०,००० धरली तर दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला स्वतःचे २,५०० रुपये भरावे लागतात. हे खरोखर मोठे पाऊल आहे. ७८,००० चा आकडा फलकावर मोठ्या अक्षरांत असतो, २,५०० चा आकडा कोण सांगणार? ज्याला त्याची गरज आहे तो माणूस फलकापुढे थांबत नाही. कोणीतरी त्याच्या घरी जाऊन त्याचे बिल हातात घेऊन पाहिले पाहिजे.

केंद्र सरकारने २०१८ साली आकांक्षित जिल्ह्यांची जी यादी केली तिच्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे होते: गडचिरोली, नंदुरबार, तेव्हाचे उस्मानाबाद आणि आपले वाशिम. अशा जिल्ह्यात योजना पुष्कळ येतात आणि फलकही पुष्कळ लागतात. त्यामुळे लोकांच्या कानांना एक सवय लागते. योजनेचे नाव ऐकले की माणूस मान डोलावतो आणि मनातून बाजूला सारतो. वडीलधाऱ्यांना ऐंशीच्या दशकातले सवलतीचे सौरकुकर आठवत असतील. काळ्या पेटीला आरशाचे झाकण. वरण-भात त्यात छान शिजे. पण त्यात भाकरी होत नाही, आणि ऊन डोक्यावर असते तेव्हा आपल्या बाया निंदणाला शेतात असतात, ह्याचा विचार कोणी केला नव्हता. सवलत सांगितली गेली, उपयोग सांगितला गेला. ज्या बाईने ती पेटी वापरायची तिचा दिवस कसा जातो हे मात्र कोणी विचारले नाही. बऱ्याच पेट्या शेवटी माळ्यावर गेल्या.

परदेशातले एक उदाहरण इथे उपयोगी पडेल. अमेरिकेत कनेटिकट नावाच्या राज्यात गावोगावी स्वयंसेवक नेमून छपरावरच्या सौरसंचाचा प्रचार केला गेला. ५८ गावांतील ह्या कामाचा अभ्यास २०१८ साली ‘नेचर’ ह्या प्रसिद्ध विज्ञान नियतकालिकात आला. ज्या स्वयंसेवकांनी त्या मोहिमेत आधी स्वतःच्या घरावर संच बसवला होता, त्यांच्या सांगण्यावरून इतरांच्या तुलनेत सुमारे ६३ टक्के जास्त लोकांनी संच घेतले. बोलणे सारखेच, कागद सारखेच. फरक एवढाच की सांगणाऱ्याने आधी आपले पैसे घातले होते. आपल्या लोकांना हे शिकवायला अमेरिकेची गरज नाही. नवे बियाणे विकायला कोणी आला की आपला शेतकरी पहिला प्रश्न विचारतो, “तुम्ही तुमच्या वावरात लावलं काय?”

पण ह्या उदाहरणातही एक धोका आहे. आपले छप्पर दाखवणे प्रामाणिकपणाचे तेव्हाच, जेव्हा ऐकणाऱ्याचे छप्पर आपल्यासारखे असते. पगारदार माणसाने आपल्या स्लॅबवरचा तीन किलोवॉटचा संच दाखवून टिनाच्या घरातल्या मजुराला सल्ला दिला तर त्याचा प्रत्येक शब्द खरा असूनही सल्ला चुकू शकतो. एखाद्या संस्थेने, अगदी चर्चनेही, आपल्या इमारतीवर पॅनेल बसवले तर ते चांगलेच. व्हॅटिकनमध्ये पोप पॉल सहावे ह्यांच्या नावाच्या सभागृहावर २००८ सालीच सुमारे २,४०० पॅनेल बसले. पण संस्थेला हप्ता चुकला तर घरातली चूल विझत नाही. कुटुंबाची गोष्ट वेगळी आहे. म्हणून आमचे मत असे की विधवा बहिणीला सल्ला द्यायचा असेल तर दुसऱ्या विधवा बहिणीचे घर दाखवावे, आणि तसे घर नसेल तर तसे सांगावे.

मोबदल्याचा प्रश्नही टाळता येणार नाही. ह्या योजनेत आपल्या हद्दीत बसलेल्या प्रत्येक संचामागे ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला १,००० रुपये प्रोत्साहन मिळण्याची तरतूद आहे. हे ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडते. “म्हणजे सरपंच सांगतो ते पंचायतीच्या फायद्यासाठी काय?” आम्हांला ती आठी योग्य वाटत नाही. आशाताईंनाही त्यांच्या कामाप्रमाणे मोबदला मिळतो, म्हणून बाळाच्या लसीविषयी त्या सांगतात ते खोटे ठरत नाही. मोबदला उघड असला की ऐकणारा त्याचा हिशेब आपल्या मनात करू शकतो. घात करतो तो लपवलेला मोबदला. मिस्साला शेजारी बसणारा माणूस आपुलकीने पुरवठादाराचे नाव सुचवतो आणि त्या नावामागे त्याचे कमिशन आहे हे सांगत नाही, तेव्हा तो पैशापेक्षा मोठी वस्तू विकत असतो. आशाताईंची आणखी एक गोष्ट इथे लक्षात घ्यावी. त्या परत येतात. लस टोचल्यावर ताप आला काय ते बघायला त्या दुसऱ्या दिवशी दारात असतात. पॅनेल बसल्यावर तिसऱ्या महिन्यात दारात येणारा कोणी आहे काय?

राहता राहिले ते लोक ज्यांना ही योजना लागूच होत नाही. भाड्याच्या खोलीत राहणारे. ज्यांच्या घराची जागा नावावर नाही असे. टिनांचा सांगाडा पॅनेलचे वजन पेलणार नाही असे. तांड्यांवरून ऊसतोडीला जाऊन सहा महिने घराला कुलूप लावणारी कुटुंबे. पूर्वीची वीज थकबाकी डोक्यावर असलेले. त्यांना काय सांगायचे? पुष्कळदा आपण चांगुलपणाने म्हणतो, “अर्ज तर करून ठेवा, बघू.” ह्या ‘बघू’ची किंमत आपण कधी मोजली आहे काय? सेतू केंद्रावर जायचे म्हणजे एक रोज बुडतो. कागद अपुरा म्हणून परत पाठवले की दुसरा रोज. झेरॉक्स, भाडे, चहापाणी वेगळे. आशा दाखवणे सोपे आणि दिसायला प्रेमळ असते, आणि त्याचे पैसे मजुराच्या खिशातून जातात. तेव्हा “ताई, ही योजना आज तुमच्यासाठी नाही” हे तोंडावर सांगणे हीसुद्धा सेवाच आहे. ऐकायला वाईट वाटते, सांगायला त्याहून वाईट. पण घरकुलाचे छप्पर झाल्यावर, थकबाकी फिटल्यावर, नाव लागल्यावर काय करता येईल हेही त्याच वेळी सांगता येते.

शेतीच्या सौरपंपांविषयी आज विस्ताराने लिहीत नाही; तो विषय वेगळा आहे. राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याचा पाच टक्के ठेवलेला आहे, एवढे नमूद करतो. विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहते काय हे मात्र पंपाआधी पाहावे.

आता आपल्या धर्मग्रामापुरते. ह्या पत्रकात आम्ही कुठल्याही पुरवठादाराचे नाव किंवा जाहिरात छापणार नाही. नोंदणीकृत पुरवठादारांची यादी सरकारी संकेतस्थळावर आहे. ती पाहायला ज्यांना मदत हवी त्यांना आपली तरुण मुले मोबाईलवर दाखवतील. ओटीपी मात्र कोणालाही सांगू नये, आपल्या मुलांनाही नाही. तो स्वतःच टाकावा. अर्ज भरण्याआधी कोणालाही आगाऊ रक्कम देऊ नये, आणि पुढे जी रक्कम द्याल तिची पावती घ्यावी.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मिस्सानंतर शाळेच्या वर्गात बसण्याचे ठरवले आहे. ज्यांना विचारायचे आहे त्यांनी मागच्या बारा महिन्यांची वीजबिले आणावीत. सगळी नसली तर आहेत तेवढी. एका बिलावरून सल्ला दिला जाणार नाही, कारण मे महिन्याचे बिल आणि डिसेंबरचे बिल ह्यांत पुष्कळ अंतर असते. आणि ज्यांच्या घरी संच बसून एक पावसाळा उलटला आहे अशा कुटुंबांना आमची विशेष विनंती आहे की त्यांनीही आपली बिले घेऊन यावे, जुलै-ऑगस्टची सुद्धा. ज्यांचे अनुदान उशिरा आले, ज्यांचा इन्व्हर्टर बंद पडला, ज्यांना पुरवठादाराकडे दहा फेऱ्या माराव्या लागल्या, त्यांनी तर जरूर यावे. त्यांना सर्वांत आधी बोलायला देऊ.